दोन सूत शिवण आणि चाळीस ग्रॅम मैदा

वाचकाचं पत्र

"नमस्कार. वय ५४, राहायला कोथरूडला. गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि कितीतरी वर्षं मनात असलेल्या दोन गोष्टी एकदमच सुरू केल्या: क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून, थर घालून रजई शिवणं) आणि फ्रेंच स्वयंपाक. सासूबाईंचं पायमशीन घरात होतंच. त्यांच्या जुन्या सुती साड्या आणि लक्ष्मी रोडवरून आणलेलं नवं कापड घेऊन सोळा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवले. प्रत्येक ब्लॉकमध्ये आडवे चार, उभे चार तुकडे. साडेबारा इंचांचे यायला हवे होते, पण कुठे बारा भरतात, कुठे पावणेतेरा. दोन ओळी जोडून पाहिल्या तर झालरीसारखं फुगलं. त्याच कापडाचा एक उशीचा अभ्रा धुतला, तर लाल रंग पांढऱ्यावर उतरला. स्वयंपाकात व्हाइट सॉसच्या गुठळ्या होतात, कीशचा (अंडी-क्रीम भरून भाजायच्या फ्रेंच पदार्थाचा) तळ आकसतो आणि ओला राहतो, क्रोसाँचं सगळं बटर ट्रेमध्ये वाहून गेलं. सासूबाई अंडं खात नाहीत, तो वेगळाच प्रश्न. त्या म्हणतात, गोधडी कडेकडून आत शिवायची, पुस्तकं सांगतात मधून बाहेर. आणि हे म्हणतात, 'एक धड ना भाराभर चिंध्या.' दोन्हींतलं एक सोडून देऊ का?"

उत्तर

ताई, काहीच सोडू नका. तुम्ही सहा तक्रारी लिहिल्यात, पण नीट पाहिलं तर प्रत्येकीचं मूळ अगदी सुरुवातीच्या पायरीत आहे: कापड धुण्याआधी कापलं, शिवणीचं माप तपासलं नाही, मैदा बटरमध्ये भिजण्याआधी दूध पडलं, पीठ गार न होता लाटलं. हात वाईट नाही, हात पुढच्या पायरीवर लवकर गेलाय. तेव्हा पहिल्या पायऱ्यांबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी ब्लॉक. क्विल्टिंगमध्ये शिवणीचा दाब (शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंतचं अंतर) पाव इंच, म्हणजे आपल्या शिंपी-सुतारांच्या भाषेत दोन सूत. तुमच्या ब्लॉकमध्ये आडवे चार तुकडे, म्हणजे तीन शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंच्या तुकड्यांमधून कापड खाते. तुमची शिवण फक्त अर्ध्या सुताने जास्त पडत असेल, तर तीन शिवणी गुणिले दोन बाजू गुणिले अर्धं सूत, म्हणजे तीन सूत ब्लॉक आखडला. डोळ्याला अर्धं सूत दिसतसुद्धा नाही, पण चार ब्लॉकच्या ओळीत त्याचा दीड इंच होतो. एका ब्लॉकला शिवण जास्त, दुसऱ्याला कमी, असे ब्लॉक शेजारी आले की मोठा लहानाला ओढतो आणि झालर होते.

म्हणून एक चाचणी करा. दीड इंच रुंद आणि चार इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जाड पडतेय, जास्त भरली तर बारीक. तुमचं पायमशीन या कामाला उत्तम आहे, सरळ टाक्याची जुनी मशीन फार नेमकी शिवतात. फक्त पट्टीवर दोन सूत मोजून सुईपासून तेवढ्या अंतरावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा. कापडाची कड त्या उंचवट्याला टेकवून शिवायची, नजर सुईवर नाही, त्या कडेवर ठेवायची. मधली पट्टी एक इंच येईपर्यंत चिकटपट्टी केसभर इकडे तिकडे सरकवा. सुई ८० किंवा ९० नंबरची नवी घाला. बोथट सुई सुती कापड खेचते आणि तुकडा मागच्या टोकाला वाकडा होतो.

शिवलेले सोळा ब्लॉक उसवू नका, जुन्या साडीचं कापड उसवण्यात हमखास फाटतं. त्यांना चौकट द्या. एकाच रंगाच्या दोन इंच रुंद पट्ट्या प्रत्येक ब्लॉकच्या चारही बाजूंना शिवा. सर्वांत लहान ब्लॉक पंधरा इंचांचा होईल, सर्वांत मोठा पावणेसोळाचा. मग सगळे साडेचौदा इंचांवर कापा, कापताना ब्लॉकचा मध्य पट्टीच्या मध्यावर ठेवा. एका ब्लॉकची चौकट दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त तीन सुतांनी बारीक दिसेल, पण एकसारख्या रंगामुळे ते जाणवत नाही. चार बाय चार जोडलं की छप्पन्न इंचांचा चौरस मिळतो, सोफ्यावर बसून पायांवर घ्यायला पुरेसा. चौकटीसाठी चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड लागेल. ते मात्र आधी धुवा.

धुण्याचा मुद्दा इथे येतो. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, चव्वेचाळीस इंचांवर दीड-दोन इंच. अनेकदा धुतलेल्या साडीत आटायचं काही उरलेलं नसतं. दोन्ही शेजारी शिवून नंतर धुतली की नवं आखडतं आणि जुनं फुगतं. त्यामुळे नवं कापड आणल्या आणल्या कोमट पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून, मगच कपाटात ठेवा. रंगाची परीक्षाही तेव्हाच घ्या: ओल्या कापडावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग आला तर ते कापड अजून दोन-तीन वेळा धुवा, तरी डाग येत असेल तर पांढऱ्याच्या शेजारी वापरूच नका. मीठ किंवा तुरटी घालून रंग पक्का होतो यावर विसंबू नका. कारखान्यात नीट न बसलेला रंग घरच्या बादलीत बसत नाही.

रंग उतरलेला अभ्रा वाळवून इस्त्री केला नसेल तर अजून आशा आहे. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि कपडे धुण्याचा साबण घाला, अभ्रा पूर्ण बुडू द्या आणि रात्रभर ठेवा. पाणी लाल झालं की बदला. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करत राहा. लहान बादलीत हे जमत नाही, कारण सुटलेल्या रंगाला पांगायला जागा मिळाली नाही की तो परत कापडावरच बसतो.

जुन्या साड्यांबद्दल एक पथ्य. साडी उजेडासमोर धरा. जिथे विणीतून प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी येतो, तो भाग बाजूला काढा. उरलेल्या कापडावर दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हलका ताण द्या, करकर ऐकू आलं तर तोही नको. चांगलं निघालेलं कापड कापण्याआधी तांदळाची पातळ खळ करून इस्त्री करा. मऊ साडी कात्रीखाली सरकते, खळीने ती कागदासारखी उभी राहते. काम पूर्ण झाल्यावर मात्र खळ धुऊन काढा, नाहीतर कपाटात कसर लागते. खण वापरायचा मोह होईल, पण त्याच्या कडा फार सुटतात. तो वापरलाच तर दाब तीन सूत धरून, कडेकडेच्या मोठ्या तुकड्यांसाठीच वापरा.

इस्त्री घासू नका, उचलून दाबा. घासली की तिरक्या धाग्यावर कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे पाडल्या तर दुसऱ्या ओळीच्या डावीकडे पाडा. मग जोडताना दोन्ही शिवणी एकमेकींना अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

आता सासूबाईंचं आणि पुस्तकांचं भांडण. दोघांचंही बरोबर आहे. गोधडीत आत साड्यांचेच थर असतात, ते लुळे असतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. बाहेरच्या चौकोनापासून आत आत धावदोरा घालत गेलं, हाताने सतत सारखं केलं, तर सळ धाग्यातच जिरतो आणि गोधडीवर ती सुंदर सुरकुती येते. क्विल्टमध्ये मात्र आत फुगीर भरण असतं. ते कडेकडून बंद केलं तर हवा आणि जास्तीचं कापड मध्ये अडकतं आणि मधोमध चुणी पडते. म्हणून तिथे मधून बाहेर. तुमच्यासाठी आमचा सल्ला स्पष्ट आहे: पुण्याच्या हवेत आत दोन किंवा तीन थर जुन्या मऊ साडीचे घाला, सिंथेटिक भरण नको. त्याने डिसेंबरातसुद्धा घाम येतो. पिंजलेला कापूस घालायचा असेल तर दर दोन इंचांवर टाका हवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात. आणि साडीचे थर असतील तर सासूबाईंच्या पद्धतीने शिवा, त्यांना शेजारी बसवून. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, ते त्यांच्या बोटांत आहे.

थर लावताना सगळ्यात खालचं कापड वरच्यापेक्षा चारही बाजूंनी तीन इंच मोठं ठेवा आणि फरशीवर चिकटपट्टीने ताणून चिकटवा. ताण नसला की मागच्या बाजूला चुण्या शिवल्या जातात आणि त्या संपेपर्यंत दिसत नाहीत. त्यावर आतले थर, त्यावर जोडलेली बाजू. चार-चार बोटांवर कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना. मग धावदोरा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर कापडातून जाता जाता विरतो. टाके बारीक हवेत याचा ध्यास नको, सारखे हवेत. एका इंचात पाच एकसारखे टाके हे आठ लहानमोठ्या टाक्यांपेक्षा कितीतरी देखणे दिसतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. शेवटी कडेची गोट: अडीच इंच रुंद सहा पट्ट्या तिरक्या जोडून, उभी घडी घालून. अर्धा मीटर कापडात बसते.

दोन छंद तुम्हाला परस्परविरोधी वाटत असतील, तर एक जुनी गोष्ट सांगायला हवी. भारतातलं छापील सुती कापड सतराव्या शतकात मार्सेय बंदरातून फ्रान्समध्ये इतकं खपू लागलं की तिथल्या सरकारने १६८६ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली. त्याच मार्सेयच्या आसपास बुती नावाची शिवणकला बहरली: दोन थर पातळ पांढऱ्या कापडाचे, त्यांवर बारीक टाक्यांची नक्षी, आणि मग मागच्या बाजूने बोथट सुईने सुती धागा आत भरून नक्षी उठावदार करायची. आपली मलमल त्याला अगदी योग्य आहे. छप्पन्न इंचांचं काम संपलं की वीतभर बुती करून पाहा.

स्वयंपाकात सर्वांत आधी दोन वस्तू आणा: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. बोहरी आळीत बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत दोन्ही मिळतील. घरगुती ओव्हनची कळ १८० वर असते तेव्हा आत १८० असतंच असं नाही, आणि वाटीभर मैदा दाबून भरला की सैल, यात सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. फ्रेंच पाककृती प्रमाणावर उभ्या असतात. आपल्याकडे अंदाजाने मीठ-तिखट पडतं ते चालतं, कारण आमटी सुधारता येते. पेस्ट्री एकदा ओव्हनमध्ये गेली की सुधारता येत नाही.

व्हाइट सॉस, म्हणजे बेशामेल. ४० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम मैदा, ५०० मिली दूध. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर बटर वितळवा, फेस बसला की मैदा घाला आणि दोन-तीन मिनिटं हलवत राहा. कच्चा वास जायला हवा पण रंग बदलायला नको. इथेच तुमची गुठळी तयार होते. मैद्याचा प्रत्येक कण बटरने माखला नसेल, तर दूध लागताच कणांचे पुंजके होतात, पुंजक्याची बाहेरची बाजू शिजून चिकट होते आणि आतला मैदा कोरडाच राहतो. म्हणून मिश्रण ओल्या वाळूसारखं एकजीव दिसेपर्यंत थांबा. मग गॅसवरून उतरवा, फक्त पळीभर दूध घाला आणि घट्ट, गुळगुळीत लगदा होईपर्यंत घोटा. पुन्हा पळीभर, पुन्हा घोटा. तिसऱ्या पळीनंतर उरलेलं दूध बिनधास्त ओता. परत मंद आचेवर ठेवून उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं हलवत शिजवा. उकळी आली की झालं असं समजून लोक उतरवतात, आणि मग जिभेवर पिठूळपणा राहतो. शेवटी जायफळ, श्रीखंडात घालता त्याच्या अर्धं, आणि मीठ. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, म्हणून मीठ चाखूनच घाला. तरीही गुठळी राहिली तर गाळणीतून गाळून घ्या.

बटर आणखी थोडं पुढे नेलं की काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. घरी लोणी कढवता तेव्हा बुडबुडे कमी होतात, आवाज मंदावतो, बेरी सोनेरी होते आणि खमंग वास सुटतो. तूप करताना आपण ते गाळून बेरी वेगळी करतो. फ्रेंच स्वयंपाकी त्याच क्षणी पातेलं उतरवतात, बेरी तशीच ठेवतात आणि लिंबू पिळून माशावर किंवा उकडलेल्या फरसबीवर ओततात. पातेलं उतरवल्यावर लगेच दुसऱ्या थंड भांड्यात ओता, नाहीतर बुडाच्या उष्णतेने पुढच्या अर्ध्या मिनिटात बेरी काळी पडते.

कीशचा तळ: २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, तीन ते चार टेबलस्पून बर्फाचं पाणी. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे करून पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळहात लावू नका, तळहात गरम असतो. पाणी घालून फक्त गोळा जमेल इतकंच एकत्र करा. कणकेसारखं तिंबायचं नाही, हे सगळ्यात कठीण जातं, कारण आपल्या हाताला तिंबायचीच सवय असते. तिंबलं की पिठाला ताण येतो आणि ओव्हनमध्ये तो ताण सुटताना तळ आकसतो. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग लाटून बावीस सेंटिमीटरच्या साच्यात बसवा, आणि साच्यासकट पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये. साच्यात बसवताना कडेला खेचू नका, उचलून आत सोडा. एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका.

तळ ओला राहतो कारण तो आधी भाजला नाही. त्यावर बेकिंगचा कागद ठेवून कोरडा राजमा भरा, १९० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा, राजमा आणि कागद काढून आणखी आठ-दहा मिनिटं. बोट लावलं तर खाकऱ्यासारखा कोरडा लागला पाहिजे. मग तीन अंडी, १५० मिली क्रीम, १५० मिली दूध यांचं मिश्रण ओतून १७० वर तीस-पस्तीस मिनिटं. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलं तर अंड्यातून पाणी सुटतं आणि तळ पुन्हा ओला होतो.

सासूबाईंसाठी त्याच तळात बेशामेल भरा, दूध ३५० मिलीच घेऊन. त्यात परतलेला पालक किंवा मशरूम, पाणी पूर्ण आटवून, आणि किसलेलं गौडा चीज. याला कीश म्हणता येणार नाही, ती टार्ट झाली, पण सुरी लावली की व्यवस्थित उभी राहते. चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहा. ग्रुयेर, कोंते, पार्मेझान यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यांना ती चालणार नाहीत. आणि डब्यातलं फ्रेश क्रीम, ज्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, टोमॅटो किंवा लिंबाबरोबर उकळू नका, फाटतं. ते शेवटी, गॅस बंद करून घाला.

मंडईतल्या भाजीवर खूप काही करता येतं. कांद्याचं सूप करून पाहा: एक किलो कांदा उभा पातळ चिरून, ५० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ, आणि मंद आचेवर पूर्ण एक तास. दहा मिनिटांत कांदा लाल होतो तो जळून, गोड होऊन नाही. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी घालून खरवडा, सगळी चव तिथेच असते. एखाद्या पाककृतीत लीक (कांद्याच्या जातीची भाजी) सांगितला असेल आणि मिळाला नाही, तर पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घ्या. क्रोसाँ डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवा. स्वयंपाकघर वीस-बावीस अंशांच्या वर असलं की थरांमधलं बटर टिकतच नाही, त्यात तुमचा दोष नव्हता.

वेळेबद्दल. पीठ फ्रीजमध्ये असताना अर्धा तास शिवावं असं सुचेल. तसं करू नका. बटरचा हात सुती कापडाला लागला की डाग लगेच दिसत नाही, इस्त्रीखाली पिवळा होऊन येतो, आणि परतलेल्या कांद्याचा वास गोधडीच्या थरांत महिनाभर राहतो. जेवणाचं टेबल एकच असेल तर आठवड्यातले तीन दिवस शिवण आणि एक दिवस ओव्हन, असा वार ठरवा. डाग पडलाच तर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा, झटका, आणि भांडी घासायच्या साबणाने तेवढाच भाग धुवा.

यजमानांना तो सोळा चौकटींचा चौरस अंथरूनच दाखवा. आणि आम्हाला कळवा, तीन पट्ट्यांतली मधली किती भरली.